वाचकांचे प्रश्न : अंतराळातील जागा, हवा आणि पाणी

प्रश्न : एकच रॉकेट पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले असल्यामुळे, रेल्वे आल्यावर समाजाचे जसे रूप पालटले तसेच आता पालटेल, असे वाचनात येते. यात अतिशयोक्ती किती?

उत्तर : अतिशयोक्ती आहे, पण विधान निराधार नाही. स्पेस शटलचा सगळा खर्च हिशेबात धरला, तर एक किलो वजन पृथ्वीलगतच्या कक्षेत नेण्यास पन्नास हजार डॉलरांच्या आसपास पडत असे. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ या रॉकेटचा पहिला टप्पा आपले काम आटोपून जमिनीवर सरळ उभा उतरला. पूर्ण भार वाहिला, तर या रॉकेटचा जाहीर दर आज किलोमागे तीन हजार डॉलरांच्या आसपास पडतो. मात्र या स्वस्ताईचा लाभ आतापर्यंत माणसांपेक्षा उपग्रहांनाच अधिक झाला आहे. जीपीएसचे उपग्रह आपल्याला रस्ता दाखवतात एवढेच आपण जाणतो. पण मोबाइलचे जाळे, बँकांचे व्यवहार आणि वीजवितरण यांच्या घड्याळांचा मेळही बहुतांशी त्यांच्याच अणुघड्याळांशी घातला जातो. सापेक्षतेच्या नियमांमुळे ही घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही तफावत भरून काढली नाही, तर स्थाननिश्चितीतील चूक रोज सुमारे दहा किलोमीटरने वाढत जाईल.

रेल्वेची उपमा मला एका ठिकाणी अपुरी वाटते. रूळ कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर असतात, म्हणून त्यांची देखभाल कोणीतरी करतो. कक्षा मात्र कोणाचीच नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एक चालू अमेरिकी दळणवळण उपग्रह आणि एक निकामी रशियन उपग्रह यांची टक्कर झाली, आणि मागोवा घेता येईल एवढ्या आकाराचे दोन हजारांच्या आसपास तुकडे मागे राहिले. अशा तुकड्यांतून नव्या टकरी आणि त्या टकरींतून आणखी तुकडे, अशी साखळी सुरू होऊ शकते, हे नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते. उड्डाण स्वस्त झाल्याने ही शक्यता वाढते; कचरा खाली आणण्याचा खर्च कोणी करायचा, हे मात्र अजून नीट ठरलेले नाही.

प्रश्न : मंगळावर वस्ती झाली, तर ती पृथ्वीच्याच संस्कृतीचा विस्तार असेल की वेगळी संस्कृती होईल?

उत्तर : वस्ती टिकली तर ती वेगळी होईल, असे मला वाटते, आणि त्याचे मुख्य कारण अंतर हे आहे. मंगळापर्यंत संदेश पोहोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत पाऊण तासही जाऊ शकतो. साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य मधे येतो, तेव्हा तेथील यानांना आज्ञा पाठवणे दोनेक आठवडे थांबवावे लागते. कमी इंधनात प्रवास करण्याची संधीही साधारण तेवढ्याच अंतराने येते. आग लागली, दाब घटला किंवा कोणी गंभीर आजारी पडले, तर निर्णय तेथल्या तेथेच घ्यावा लागेल. आणि जो समाज आणीबाणीतले निर्णय स्वतः घेतो, तो फार काळ दुसऱ्याच्या हुकमाखाली राहत नाही.

परंतु स्वायत्तता म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरवरील (चाकांच्या यानावरील) मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन तयार करून दाखवला. एकूण उत्पादन भरले १२२ ग्रॅम आणि सर्वोत्तम वेग होता तासाला १२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम, म्हणजे तासाला ३५ ग्रॅम लागतात. यंत्र मोठे करता येईल, याविषयी शंका नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे : त्या यंत्राची कळ कोणाच्या हाती? पृथ्वीवर राज्यकर्ता असह्य झाला तर देश सोडून जाण्याचा मार्ग, कितीही खडतर असला तरी, उरतो. जेथे श्वास घेण्यासाठीही एखाद्या कंपनीच्या किंवा प्रशासनाच्या यंत्रावर अवलंबून राहावे लागते आणि परतीचे यान दोन वर्षांनी मिळते, तेथे संप, निषेध किंवा नोकरी सोडणे यांचा अर्थ काय राहील? मंगळाच्या घुमटांची सुबक चित्रे काढणाऱ्यांनी तेथील न्यायालयाचाही थोडा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्न : अंतराळात सौरऊर्जा निर्माण करून पृथ्वीवर पाठवता येईल का?

उत्तर : तत्त्वतः येईल. ही कल्पना अभियंते पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये मांडली आणि २०२३ मध्ये कॅलटेक या अमेरिकी संस्थेच्या उपग्रहावरून अत्यल्प प्रमाणात तिचा प्रयोगही झाला. जमिनीवरचे सौरपटल स्वस्त होत असताना ही वीज परवडणे कठीण आहे.

प्रश्न : चंद्रावरील बर्फ किंवा खनिजे ज्याने काढली त्याच्या मालकीची होतील का?

उत्तर : १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार कोणतेही राष्ट्र चंद्रावर सार्वभौमत्व सांगू शकत नाही. खणून काढलेल्या पदार्थाचा मालक कोण, याविषयी मात्र करारात स्पष्ट तरतूद नाही. ही संदिग्धता हेरून अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये अशा पदार्थांवरील खाजगी हक्क मान्य करणारे कायदे केले. चंद्र हा मानवजातीचा सामायिक वारसा आहे, असे म्हणणारा १९७९ चा करार अमेरिका, रशिया व चीन यांनी स्वीकारलेला नाही.

वाद प्रत्यक्षात फार लहान जागांवरून होईल. दक्षिण ध्रुवाजवळील काही विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत, म्हणून तेथे बर्फ टिकला आहे. आणि त्यांच्या काठांवर वर्षातला बहुतेक काळ ऊन असणारी ठिकाणे मोजकीच आहेत. वीज आणि पाणी एकमेकांच्या जवळ मिळण्याची सोय तेथेच आहे. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या २०२० च्या आर्टेमिस करारात कामाच्या जागेभोवती सुरक्षा क्षेत्र आखण्याची तरतूद आहे. हेतू अपघात टाळण्याचा आहे, हे मान्य. तरी असे क्षेत्र एखाद्या अरुंद काठावर आखले गेले, तर दुसऱ्याला तेथे जागाच उरणार नाही.

यास एक पूर्वोदाहरण आहे. विषुववृत्ताच्या वर असलेल्या आणि जिच्यातला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो अशा भूस्थिर कक्षेतील जागा सुरुवातीला आधी येणाऱ्याला मिळत असत. १९७६ मध्ये विषुववृत्तावरील काही देशांनी आपल्या माथ्यावरच्या कक्षेवर हक्क सांगितला. तो मान्य झाला नाही, परंतु पुढे १९८८ पर्यंत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने काही कंप्रतापट्ट्यांत (रेडिओ लहरींच्या ठराविक पट्ट्यांत) प्रत्येक देशासाठी जागा राखून ठेवली, मग त्याच्याकडे त्या वेळी उपग्रह असो वा नसो. चंद्राच्या ध्रुवासाठी अशी व्यवस्था करणे अशक्य नाही. मात्र कायमचे तळ उभे राहिल्यावर ती स्वीकारण्यास सध्याच्या अंतराळसत्ता किती राजी असतील, याविषयी मी फारसा आशावादी नाही.