दारू अचानक सोडल्यावर हात थरथरतात, घरातली फिटची गोळी द्यावी का?

डिचोलीच्या ताई, दिरांनी कालपासून फेणी बंद केली आणि घरात सासूबाईंच्या फेनिटॉइनच्या, म्हणजे फिटच्या, गोळ्या आहेत, म्हणून विचारताय. नका देऊ. दारू तुटल्यावर येणाऱ्या झटक्यांवर फेनिटॉइनचा उपयोग होत नाही. रोजच्या दारूने मेंदू दबून राहायला सरावलेला असतो. दाब एकदम उठला की तो उसळतो. हे नेहमीचं फिट येणं नव्हे.

कार्बामाझेपिन, गॅबापेंटिन ही फिटवरची दुसरी औषधं डॉक्टर वापरतात, पण त्रास सौम्य असेल तेव्हा. मुख्य औषध डायझेपाम, लोराझेपाम या गटातलं, तेही लिव्हर कसं आहे ते बघून. सोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-1) हवंच. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी पाठवणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

झटके बहुतेक शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत येतात, भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे. आजच बांबोळीला न्या, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मानसोपचार संस्थेत. पूर्वी कधी झटका आला असेल, ताप चढला, नसलेली माणसं दिसू लागली, तर बसची वाट बघू नका, 108 ला फोन करा. सासूबाईंच्या गोळ्या मात्र त्यांना वेळेवर द्या, त्या मध्येच तुटता कामा नयेत.