क्रेडिट घ्यावे की नुसते शिकावे?

प्रश्न : मी 2004 साली बी.कॉम. झाले. त्यानंतर लग्न, मुले आणि अमेरिकेत स्थलांतर यांत नोकरी राहूनच गेली. आता ग्रीन कार्ड मिळाले आहे आणि एखाद्या छोट्या व्यवसायाचे हिशेब सांभाळण्याचे काम करावेसे वाटते. जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या माहितीपत्रकात या विषयाचे दोन वर्ग दिसतात. एक तीन क्रेडिटचा, पूर्ण सत्राचा. दुसरा ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’ विभागाचा, तीन-तीन तासांच्या आठ संध्याकाळींचा आणि बराच स्वस्त. कोणता निवडावा? शिवाय एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये बसण्याचा संकोच वाटतो, तो वेगळाच.

उत्तर : दोन्ही वर्गांत शिकवला जाणारा विषय बराचसा एकच असला, तरी वर्ग संपल्यावर तुमच्या हाती काय राहते यात फार अंतर आहे, आणि निवड त्यावरूनच करावी. क्रेडिटच्या वर्गात मिळालेली श्रेणी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, कायमची नोंदली जाते. ती पुढे दोन वर्षांच्या असोसिएट पदवीत आणि पुष्कळदा चार वर्षांच्या विद्यापीठातही जमा धरली जाते. दुसऱ्या वर्गानंतर मिळते ते वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. त्यावर कधी कधी ‘2.4 सीईयू’ असे छापलेले असते आणि अनेकांना तीच क्रेडिटे वाटतात. प्रत्यक्षात एक सीईयू (कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट) म्हणजे दहा तासांचे शिक्षण. तुमच्या आठ संध्याकाळींचे चोवीस तास होतात, म्हणून 2.4. पदवीच्या हिशेबात हा आकडा सहसा धरला जात नाही.

वेळेचाही विचार करा. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला सुमारे तीन तास वर्ग आणि रूढ प्रमाणानुसार त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास, असे साधारण पंधरा आठवडे. माहितीपत्रकात तीन तास ठळक छापलेले असतात. घरचे सहा तास ज्याचे त्याने शोधायचे असतात.

तुम्ही सांगितलेल्या कामासाठी मी आधी छोटा वर्ग सुचवेन. डेबिट-क्रेडिटचे तत्त्व समुद्र ओलांडल्याने बदलत नाही आणि ते तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला नवे आहे ते इथले व्यवहार : पगारातून होणारी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात, कंत्राटी माणसांना द्यायचा 1099 फॉर्म, राज्याचा विक्रीकर, क्विकबुक्ससारखी हिशेबाची संगणक प्रणाली, आणि एप्रिलऐवजी बहुधा जानेवारीत सुरू होणारे हिशेबाचे वर्ष. पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची प्रत मागवून यांतले किती त्यात आहे ते पाहा. नुसती खतावणीची उजळणीच असेल, तर तो वर्ग स्वस्त असूनही तुम्हाला महागच पडेल. उलट, ज्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत पदवीची अट असते त्यांच्याकडे तुमचे लक्ष असेल, तर आठ संध्याकाळी खर्च न करता सरळ क्रेडिटकडे वळा आणि त्याआधी आपल्या बी.कॉम.चे मूल्यमापन करून घ्या. तीन वर्षांची भारतीय पदवी इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असे नाही.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी. ग्रीन कार्डधारकांना केंद्र सरकारचे पेल अनुदान मागता येते, परंतु ज्यांच्याकडे आधीच बॅचलर पदवी आहे त्यांना ते सर्वसाधारणपणे मिळत नाही आणि यात परदेशी पदवीही मोजली जाते. तुमच्या पदवीविषयीचा निर्णय कॉलेजचे आर्थिक साहाय्य कार्यालय घेईल, म्हणून त्या भरवशावर आधीच बेत आखू नका. दुसरी सोय मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ या करसवलतीत पात्र संस्थेला भरलेल्या पहिल्या 10,000 डॉलरपर्यंतच्या शुल्काच्या 20 टक्के, म्हणजे एका विवरणपत्रामागे जास्तीत जास्त 2,000 डॉलर, करातून वजा होतात. यासाठी पदवीसाठीच शिकत असण्याची अट नाही. नोकरीचे कौशल्य मिळवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी घेतलेला वर्गही चालतो. उत्पन्नाची मर्यादा तेवढी आहे, आणि देय कर शून्य असेल तर हाती रोख काही येत नाही.

संकोचाचे म्हणाल, तर संध्याकाळच्या वर्गांत दिवसभर काम करून आलेली, तुमच्याच वयाची किंवा थोरली माणसे पुष्कळ दिसतील. इलिनॉयमधील जोलिएटला 1901 साली सुरू झालेले पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचे जुने रूप) शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी होते, हे खरे. पण ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी उच्च शिक्षणासाठी नेमलेल्या आयोगाच्या 1947 च्या अहवालाने प्रौढांचे शिक्षण हे या संस्थांचे कामच मानले. तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून जात नाही आहात.

नावनोंदणी मात्र लवकर करा. पुरेशी माणसे जमली नाहीत तर असे छोटे वर्ग सुरू होण्याच्या काही दिवस आधी रद्द होतात, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारे इच्छुकच बहुधा त्याला कारण असतात.

प्रश्न : माझे वडील सहा महिन्यांसाठी पर्यटक व्हिसावर आमच्याकडे आले आहेत. त्यांना त्याच कॉलेजात कुंभारकामाचा वर्ग करता येईल का?

उत्तर : बी-2 व्हिसावर पदवीच्या क्रेडिटसाठी नसलेला, हौसेखातर केलेला अल्प मुदतीचा वर्ग चालतो, परराष्ट्र खात्याने उदाहरण दिले आहे ते दोन दिवसांच्या पाककलेच्या वर्गाचे. शनिवार-रविवारची कुंभारकामाची कार्यशाळा त्यात सहज बसते. पूर्ण सत्राचा किंवा क्रेडिटचा वर्ग मात्र या व्हिसावर घेऊ नये, मग कॉलेजच्या खिडकीवर कोणी व्हिसा विचारो वा न विचारो.