मोबाइलमध्ये दाब ९६० दिसतोय, मग वादळ आपल्याच डोक्यावर आहे का?

जिंतूरच्या भावाने विचारलंय: सोयाबीन कापून पडलंय, हवामान खातं सांगतंय की विदर्भावर १००२ चा कमी दाब आहे, आणि माझ्या मोबाइलमध्ये तर ९६० दिसतोय. दुपारी आणखी उतरतो. मळणी थांबवू का?

दादा, ९६० ला घाबरू नका. खात्याचा आकडा समुद्रसपाटीचा हिशोब धरून काढलेला असतो, मोबाइल मात्र तुम्ही उभे आहात तिथला दाब मोजतो. आठ-नऊ मीटर वर चढलं की दाब साधारण १ हेक्टोपास्कलने घटतो (हेक्टोपास्कल म्हणजे दाब मोजायचं माप, हे सगळे आकडे त्यातलेच). आपण समुद्रापासून चारेकशे मीटर उंचावर, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास इथंच गेले. ते मिळवा, १००५ झाले.

दुपारी उतरतो त्याचं कारण वेगळं. उन्हाच्या तापण्याने सगळं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास उतरलेला. आपल्याकडे दुपारचा हा उतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो, आभाळ निरभ्र असलं तरी. एका वर्षी मी तोच बघून मळणीयंत्र परत पाठवलं आणि पुढचे आठ दिवस कडक ऊन पडलं. तेव्हापासून रोज सकाळी दहाचा आकडा कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलने लिहितो आणि कालच्या दहाशीच ताडून बघतो. दोन दिवसांत तीन-चारने उतरला, तर मात्र मी ताडपत्र्या काढतो.

सोबत वारं बघा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो, कारण आपल्या गोलार्धात वारं त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतं. बंगालच्या उपसागरातून छत्तीसगड, विदर्भ असा येणारा कमी दाब नैऋत्य बाजूला जास्त पाऊस टाकतो. तो विदर्भावर आला की त्या बाजूला आपणच असतो. केंद्र नागपूरकडे असलं तरी निर्धास्त राहू नका.

थंडीत उलटं. दाब चढतो, हवा वरून खाली बसते, ढग धरत नाहीत, आणि उघड्या आभाळाखाली रात्री जमीन गार पडून परभणीत हुडहुडी भरते.

आता तुमचं सांगतो. गेल्या तीन दिवसांचे सकाळी दहाचे आकडे असतील तर इथं टाका, वारं कुठून येतंय तेही लिहा. तोवर पेंढ्या बांधावरच्या उंच जागी आणून गंज लावा आणि वरून झाका. मळणी उद्या करायची की नाही, ते आकडे बघून सांगतो.