'ऑटिझमचं जीन', रिक्स आणि आजीच्या पाटल्या

देवगडच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या भाच्याला शाळेतल्या बाई म्हणाल्या "याच्यात ऑटिझमचं जीन आहे", हे बोलणं बरोबर आहे का, बातम्यांत 'रिस्क जीन' म्हणतात त्याला मराठीत 'जोखीमचे जनुक' लिहायचं की 'जोखमीचे', आणि ही जनुकं मेंदूच्या पेशीत नक्की करतात काय.

आधी ते 'ऑटिझमचं जीन' थांबवा बघू. गेली चार-पाच वर्षं ऐकतोय, डोकं उठतं. आणि त्याहून वाईट म्हणजे 'रिक्स'. रिक्स घेऊ नको, रिक्स आहे, आता रिक्स जीन! अरे रिस्क म्हणता येत नसेल तर जोखीम म्हणा ना, घरचा शब्द आहे.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, म्हणजे स्वतःत बुडालेपण, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः त्यावरून केलेलं, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. मजा जोखीम या शब्दात आहे.

आमची आजी जोखीम हा शब्द धोका या अर्थाने क्वचितच वापरायची. आई लग्नाकार्याला मालवणहून एसटीने कणकवलीला निघाली की आजी दारात उभी राहून सांगायची, "अंगार जोखीम आसा, काळोख पडाच्या आत घराक ये गो." जोखीम म्हणजे काय, तर हातातल्या पाटल्या आणि गळ्यातली बोरमाळ! आई मग कुडाळ-कणकवलीच्या गर्दीत पाटल्या काढून रुमालात बांधायची आणि रुमाल कमरेला खोचायची आणि उतरेपर्यंत हात तिथेच. म्हणजे जोखीम ही ती मौल्यवान वस्तूच, जी सांभाळायची असते. चोर म्हणजे जोखीम नव्हे.

आता व्युत्पत्ती. माझ्या मते हा शब्द सरळ 'योगक्षेम' आहे. नसलेलं मिळवणं तो योग, मिळालेलं राखणं ते क्षेम. य चा ज होतो (योगी-जोगी, यव-जव), क्ष चा ख होतो (क्षीर-खीर, क्षार-खार), मधला ग गळला की योगक्षेम, जोगखेम, जोखीम. आणि एलआयसीच्या दिव्याखाली काय लिहिलंय बघा, योगक्षेमं वहाम्यहम्, गीतेतलं! म्हणजे विम्याचा एजंट घरी येऊन जोखमीबद्दल बोलतो आणि त्याच्या पावतीवर त्याच शब्दाचा पणजोबा छापलेला असतो, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी जेवताना उठून बायकोला पावती दाखवायला गेलो होतो. तिला काही वाटलं नाही.

यावर आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर दर वेळी येऊन सांगतात की छे, जोखीम 'जोखणे'वरून, तागडीत तोलायचं ते. दिसायला छान आहे, पण मास्तर, शेवटचा 'म' कुठून आणलात? राखणेचं राखीम होतं का, पारखणेचं पारखीम? म्हणे मराठीत क्ष चा श होतो, क्षेत्राचं शेत झालं, मग खेम कसं. मग खीर कशी खाता? आणि व्यापाऱ्यांचा शब्द आहे, तो चार मुलखांतून फिरून आलेला असणार, त्याला फक्त कोकणातले नियम लावून कसं चालेल.

हां, तर जनुकं. योगक्षेम डोक्यात ठेवा म्हणजे हे नीट कळतं. शँक३ नावाचं जनुक घ्या. ते ताईंच्या भाच्यात आहे, माझ्यात आहे, मास्तरांतही आहे. सगळ्यांना आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात. ते ऑटिझम करायला बसलेलं नाही, ते मेंदूत एक प्रथिन बनवतं. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात, एक पेशी रसायन सोडते आणि दुसरी झेलते, तर झेलणाऱ्या बाजूला हे प्रथिन असतं. गणपतीच्या डोक्यावर आपण माटवी बांधतो ना, लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला नारळ, कवंडाळं, सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळ लटकवतो, तशी ही चौकट, आणि रसायन झेलणारे रिसेप्टर तिच्या आधाराने जागेवर राहतात. आता दोनातली एक प्रत बिघडली तर प्रथिन निम्मंच बनतं. माटवीच्या निम्म्या पट्ट्या काढून बघा. गणपती तोच, नारळ तेच, पण सगळं एका बाजूला लोंबतं, काही खाली येतं. पेशी मरत नाही, निरोप मात्र कमजोर पोचतो. 2007 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने हा बिघाड काही स्वमग्न मुलांत दाखवला. पण शंभर स्वमग्न मुलांत जेमतेम एखाद्यात तो सापडतो, आणि 2020 च्या मोठ्या अभ्यासात, 35 हजारांवर लोकांचे नमुने तपासून, ज्यांच्यात बिघाड झाला तर स्वमग्नतेची शक्यता वाढते अशी 102 जनुकं निघाली. मग सांगा, यातलं 'ऑटिझमचं जीन' कुठलं?

सगळी काही सिनॅप्सवर बसलेली नाहीत. सीएचडी८ सारखी काही जनुकं आईच्या पोटात मेंदू घडत असताना दुसऱ्या जनुकांना कधी उघडायचं कधी मिटायचं ते ठरवतात, म्हणजे मुकादम. मुकादम अर्ध्या दिवसाने आला की काय होतं ते घर बांधलेल्या माणसाला सांगायला नको.

म्हणजे जोखीम ती जनुकंच, पाटल्यांसारखी, आणि त्यांचं काम निसटणं हा धोका. आजीचाच अर्थ! इंग्रजीतल्या रिस्कला हे जमत नाही.

एका ठिकाणी मात्र मास्तरांना मार्क द्यावा लागतो, देतो नाईलाजाने. एससीएन२ए हे जनुक पेशीत सोडियम आत घेणारं दार बनवतं, त्यावर पेशीची वीज चालते. हे दार जास्त उघडं राहिलं तर तान्ह्या बाळाला पहिल्या काही महिन्यांतच फिट्स येतात, आणि कमी उघडलं तर स्वमग्नता, बौद्धिक वाढीत अडचण. एकच जनुक, पारडं इकडे गेलं तर एक आणि तिकडे गेलं तर दुसरं. तागडीच आहे ती. पण मास्तर, 'म' चं उत्तर अजून यायचंय.

आणि ताई, तुमचं राहिलंच. जोखीमचे नाही, जोखमीचे. तालीम-तालमीचा, तसंच. जनुक नपुंसकलिंगी, ते जनुक, ती जनुकं. बाईंना विचारा की भाच्याची जनुकीय तपासणी झालीये का, झाली नसेल तर त्याच्यात कुठलं काय आहे हे त्यांना कुठून कळलं.