विनातिकीट प्रवाशांशी रेल्वेने कसे वागावे?

मुंबईच्या उपनगरी गाड्यांपुरते उत्तर देतो. दंड वसूल झालाच पाहिजे, परंतु फसवणारा आणि चुकलेला प्रवासी यांत फरक करूनच. हा फरक १९८९च्या रेल्वे कायद्यातच आहे: कलम १३७ जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीसाठी असून त्यात कैदेचीही तरतूद आहे, तर कलम १३८ नुसार मूळ भाडे आणि त्यावर त्या भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जो अधिक असेल तो जादा आकार घेतला जातो. पाच रुपयांचे तिकीट नसले तरी अडीचशेचा भुर्दंड बसतो, ही शिक्षा माझ्या मते पुरेशी जरब बसवणारी आहे.

मला खटकते ती वागणूक. एका स्थानकाच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एक वयस्कर बाई पिशवीतली प्रत्येक वस्तू पायरीवर काढून ठेवत पास शोधत होत्या आणि तपासनीस त्यांच्यावर सर्वांदेखत ओरडत होता. पास अखेर डब्याच्या झाकणाखाली सापडला. त्यांचे हात मात्र थरथरतच होते. अशा वेळी प्रवाशाला बाजूला घेऊन शांतपणे विचारावे, दंड घेतल्यास पावती न मागता द्यावी. सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला कुठल्याही स्थानकावर उतरवता येत नाही. कलम १३९ नुसार प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे ठिकाण इथेच आणि तेही दिवसाच उतरवता येते, हे तपासनिसांना तोंडपाठ असायला हवे. शिवाय गर्दीच्या वेळी तिकीट खिडक्या बंद ठेवून दाराशी तपासणी लावणे तर सरळ अन्यायाचे आहे.