शुगर भूकंपानं कशी येईल मॅडम?

"मॅडम, भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली, त्याच्यानं आता बीपी-शुगर कशी येईल? आणि आली असंल तर हे माझ्या लेकीला पण रक्तातून जाईल का?"

हा प्रश्न रुक्मिणबाईंचा (नाव आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत). पण नांदेडला समुपदेशन करताना मी हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून कायम ऐकते. कुणाचा मोठा अपघात झालेला असतो, कुणाच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिलेला असतो, आणि आता तर २०२५ च्या सप्टेंबरात ज्यांची जमीन पुरानं खरवडून नेली तेही लोक येतात. तक्रार मात्र शरीराची असते, छातीत धडधड, पोट बिघडलेलं, अंग ठणकतं, झोप नाही, बीपी वर-खाली. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, शेजारीण म्हणते बाहेरचं काहीतरी असंल, आणि माणूस मधल्यामधी अडकून बसतो की मला जे होतंय ते खरं आहे का खोटं. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहावं.

रुक्मिणबाईंचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा येऊन झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं मातीचं वजन, ते सगळं झोपेतच अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. रुक्मिणबाईंची आई आणि दोन लहान भाऊ त्यात गेले, त्यांना स्वतःला गावातल्या पोरांनी दुपारपर्यंत माती उकरून बाहेर काढलं. पुढं पत्र्याच्या शेडमधे दिवस गेले, मग लग्न होऊन नांदेडला आल्या, नवरा एसटीत, दोन लेकरं, संसार झाला. सगळ्यांना वाटलं बाई सावरली.

चाळिशी ओलांडायच्या आत बीपी निघालं, नंतर शुगर. माझ्याकडं त्या आल्या ते १० जुलै २०२४ च्या धक्क्यानंतर. त्या दिवशी सकाळी सात वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, भांडी वाजली, लोक बाहेर आले, थोड्या वेळानं आपापल्या कामाला लागले. रुक्मिणबाई मात्र घरात परत गेल्याच नाहीत. अंगणातच बसून राहिल्या, घाम फुटला, छातीत दुखायलं, बीपी खूप चढलं, दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. तिथल्या फिजिशियन सरांनी "काही नाही" म्हणून घरी न पाठवता समुपदेशनासाठी चिठ्ठी दिली, हे फार मोलाचं काम झालं असं मला मनापासून वाटतं. (छातीत दुखलं तर आधी दवाखाना, हा क्रम कधीच उलटा करू नका. भीतीनं दुखतंय का हृदयानं, हे घरी बसून कुणालाच ठरवता येत नाही.)

मी त्यांना भूकंपाबद्दल काही विचारलंच नाही आधी. विचारलं, तुम्ही झोपता कुठं?

"दारात."

तीस वर्षं ही बाई दारात झोपत होती. कडी कधी लावायची नाही, उशाला टॉर्च आणि पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि थोडे पैसे. नवऱ्याला वाटायचं हिला गरमी सहन होत नाही. पहाटे साडेतीन-चारला रोज जाग, मग परत डोळा लागत नाही. गणपती बसले की ढोलताशाच्या आवाजानं हातपाय गार, आणि फाईल काढून बघितली तर भाद्रपदातल्या तपासणीत बीपी बहुतेक वर्षी वाढलेलं, कारण मात्र कुणी जोडून बघितलेलं नाही. माहेरचं नाव निघालं की विषय बदलायच्या. मिसरी लावायची सवयही त्याच शेडमधल्या दिवसांतली, "जीव थाऱ्यावर राहायचा त्यानं" म्हणाल्या.

याला पीटीएसडी म्हणतात, आघातानंतर मागं राहणारा ताण. १९८० मधे हा आजार म्हणून अधिकृत यादीत आला. आघात सोसलेल्या सगळ्यांनाच होतो असं नाही, बहुतेक माणसं काही महिन्यांत सावरतात. पण ज्यांना होतो त्यांच्या शरीरात काय चालतं ते मी रुक्मिणबाईंना त्यांच्याच शेतातली गोष्ट धरून सांगितलं. विहिरीवरच्या मोटरला ऑटो बसवलेला असतो, लाईट आली की कुणी हात न लावता मोटर सुरू, मग विहिरीत पाणी असो नसो. तुमच्या शरीराचा ऑटो त्या पहाटे चालू झाला तो कुणी बंदच केला नाही. त्या हसल्या, म्हणाल्या मग मोटर जळणारच की.

अगदी तसंच होतं. मेंदूत अमिग्डला नावाचा छोटा भाग आहे, धोका ओळखायचं काम त्याचं. तो ओरडला की अॅड्रेनालिन नावाचं हार्मोन सुटतं, नाडी आणि बीपी वाढतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, कारण पळायला ताकद लागते. धोका गेला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन आणि शरीरातली बाकीची यंत्रणा हे सगळं आवरतं. पीटीएसडीमधे हे आवरणंच बिघडतं, कॉर्टिसॉल बऱ्याच अभ्यासांत नेहमीपेक्षा कमी सापडलंय, आणि त्याच वेळी रक्तातली सूज दाखवणारे सीआरपी, आयएल-सिक्स सारखे घटक वाढलेले दिसलेत. ही सूज डोळ्याला दिसणारी नाही, रक्तवाहिन्यांच्या आतली, आणि वर्षानुवर्षं राहिली की वाहिन्या कडक व्हायला आणि इन्सुलिनचा परिणाम कमी व्हायला तिचा हात लागतो. २०१७ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, २९३ लोकांच्या स्कॅनचा, तर ज्यांचा अमिग्डला जास्त जागा होता त्यांच्या अस्थिमज्जेत (हाडांच्या आत, जिथं रक्तपेशी तयार होतात) हालचाल जास्त, रक्तवाहिन्यांत सूज जास्त आणि पुढं हृदयविकाराच्या घटनाही जास्त. म्हणजे डोक्यातली भीती रक्तवाहिनीपर्यंत कुठल्या वाटेनं जाते ती वाट थोडी थोडी दिसायला लागलीय. यावर झोपमोड, मिसरी-तंबाखू, फिरणं बंद, हे सगळं वरून पडतं ते वेगळंच.

रुक्मिणबाईंची लेक नर्सिंगला आहे, ती एकदा सोबत आली. तिनं मोबाईलवर वाचलं होतं की आघात जीन्समधून पुढच्या पिढीत उतरतो आणि पोरगी घाबरून गेली होती. तिला मी नर्सेसचाच अभ्यास सांगितला. अमेरिकेत जवळपास पन्नास हजार नर्सेसवर बावीस वर्षं लक्ष ठेवलं, ज्यांच्यात पीटीएसडीची लक्षणं सगळ्यात जास्त त्यांना टाईप टू डायबेटिस व्हायचं प्रमाण आघात न झालेल्यांच्या जवळपास दुप्पट निघालं, त्यातला काही भाग वाढलेल्या वजनामुळं पण सगळा नाही.

"पण मॅडम, आजीला पण शुगर असंल तर? मग ते जीन्सच झालं ना?" चांगला प्रश्न आहे, आणि यासाठी जुळ्यांचे अभ्यास कामाला येतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांचा अभ्यास २०१३ ला आला, पीटीएसडी असलेल्यांत २२.६ टक्के लोकांना पुढं हृदयविकार झाला, नसलेल्यांत ८.९ टक्के. आणि जिथं जोडीतल्या एकाच भावाला पीटीएसडी होता तिथंही त्याच भावाला हृदयविकार जास्त, फरक थोडा कमी झाला पण राहिला. आईबाप तेच, घर तेच, जीन्स सारखे किंवा निदान निम्मे सारखे, तरी ज्याच्या मनावर जखम राहिली त्याचं हृदय जास्त दुखावलं. म्हणजे सगळं जीन्सवर ढकलता येत नाही.

पण जीन्सचा वाटा शून्य पण नाही, हेही तिला स्पष्ट सांगितलं कारण शिकणाऱ्या मुलीला अर्धवट धीर देऊन भागत नाही. जुळ्यांच्याच एका अभ्यासात, जो योगायोगानं १९९३ चाच आहे, पीटीएसडीच्या लक्षणांतला साधारण तीस टक्क्यांपर्यंतचा फरक आनुवंशिक निघाला. २०२४ मधे बारा लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासला तेव्हा पीटीएसडीशी जोडलेल्या ९५ जागा सापडल्या, एक जीन नाही, ९५ जागा, आणि एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. यातला काही आनुवंशिक भाग हृदयविकार, वजन, साखर यांच्याशी सामायिक असल्याचं पण दिसतं, म्हणजे काही घरांत दोन्हीकडचा कल एकत्रच येतो. एफकेबीपी-फाईव्ह नावाचा एक जीन आहे, कॉर्टिसॉलचा निरोप पेशी किती ऐकणार हे ठरवण्यात त्याचा हात असतो, आणि त्याचे ठराविक प्रकार असलेल्या लोकांत लहानपणी छळ झाला असेल तर मोठेपणी पीटीएसडीची लक्षणं जास्त, छळ झालाच नसेल तर तसा फरक दिसत नाही. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, जीन एकटा काही करत नाही, त्याच्यावर काय येऊन आदळतं आणि नंतर माणसाला कोण सांभाळतं यावर पुढचं ठरतं.

आणि ती मोबाईलवरची बातमी? ती बहुतेक ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या लोकांच्या मुलांवरच्या २०१६ च्या अभ्यासाची असणार. त्यात याच जीनवरच्या रासायनिक खुणा आईबापात आणि मुलांत बदललेल्या दिसल्या, पण माणसं फार थोडी होती, आणि त्या खुणा रक्तातून आल्या का घाबरलेल्या घरात वाढल्यामुळं आल्या हे त्यावरून वेगळं काढता येत नाही. माणसांत आघात असा पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरतो हे सिद्ध झालेलं नाही. पैसे भरून जीन टेस्ट करायची गरज नाही असंही तिला सांगितलं, अशी कुठली टेस्ट तुला पीटीएसडी होणार का नाही हे सांगू शकत नाही.

मग मी तिला विचारलं, तू कुठं झोपतेस? ती गप्प झाली आणि म्हणाली, आईजवळ, दाराकडं पाय करून. आईनं तिला लहानपणापासून तसंच शिकवलं होतं. तिला रक्तातून काय आलं ते मला माहीत नाही, पण घरातून हे आलं होतं, आणि हे बदलता येतं.

उपचारात आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. शुगर-बीपीच्या गोळ्या एक दिवसही बंद केल्या नाहीत, हे लई महत्त्वाचं, कारण "मनाचं आहे" कळलं की लोक पहिली गोष्ट गोळ्या सोडायची करतात. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे पीटीएसडीवरचं औषध सुरू केलं, फिजिशियन सरांना कळवून. आणि माझ्याकडं आम्ही ती पहाट हळूहळू बोलायला घेतली, एकदम नाही, रुक्मिणबाई जिथं थांबा म्हणतील तिथं थांबायचं. धाकट्या भावाचा आवाज ढिगाऱ्यातून थोडा वेळ येत होता आणि मग बंद झाला, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. "मी हाका मारत राहायला पायजे होतं" हे त्या इतकी वर्षं स्वतःशी म्हणत होत्या. छातीपर्यंत मातीत गाडलेली पंधरा वर्षांची पोर कुठवर हाका मारणार होती! हे आम्ही परत परत बोललो, त्या रडल्या, मी पण डोळे पुसले. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायची बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांची ठराविक हालचाल करायची थेरपी) या पद्धती जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मधे पीटीएसडीसाठी सुचवलेल्या आहेत, प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्याव्यात. बोलणं चालू असतानाच झोपायची जागा एकेक हात आत सरकवत नेली, दाराची कडी आधी दुपारी लावून बघितली, मग रात्री.

याचा शुगरवर काही परिणाम होतो का? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०१९ ला एक अभ्यास आला, ज्यांची पीटीएसडीची लक्षणं चांगल्यापैकी कमी झाली त्यांच्यात नव्यानं डायबेटिस व्हायचं प्रमाण ४९ टक्क्यांनी कमी दिसलं. अर्थात बरं वाटल्यामुळंच डायबेटिस टळला असं यावरून छातीठोक म्हणता येत नाही, आणि रुक्मिणबाईंना तो आधीच झालेला आहे, तो गेलेला नाही. पण आता सलग झोप लागते, पहाटेची जाग कमी झाली, मिसरी निम्म्यावर आली, सकाळी लेकीबरोबर चालायला जातात. २०२५ च्या गणपतीत बीपी मागच्या वर्षांसारखं चढलं नाही. गोळ्या चालूच आहेत आणि चालूच राहतील.

तुमच्याकडं असं कुणी असेल तर एक करा. पुढच्या वेळी बीपी-शुगरच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा की आयुष्यात अमुक घडलंय, तेव्हापासून झोप अशी आहे, अमुक महिन्यात त्रास वाढतो. डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत स्वतःहून विचारतीलच असं नाही, म्हणून आपणच सांगायचं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. जायला लाज वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.