कोकणात घर बांधायचंय. भिंतीला चिरा (जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा) घ्यावा की सिमेंटचे ब्लॉक?

चांगली खाण जवळ असेल तर बिनधास्त चिरा घ्या. वाहतूक लांबची असेल तर मात्र ब्लॉक परवडतात.

चिरा निवडायला स्वतः खाणीवर जा. गवंड्याच्या हातातली तासणी चिऱ्यावर मारून बघा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर सोडा. पांढऱ्या-पिवळ्या मऊ मातीचे खिसे दिसले तर तो चिरा पावसात झिजतो. जांभा खाणीतून निघाल्यावर हवेत कडक होत जातो, म्हणून काढल्या काढल्या भिंतीत लावू नका, थोडा काळ उघड्यावर राहू द्या. मात्र जांभा पाणी पितो. जोतं उंच ठेवा, त्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर घाला आणि वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा. पावसाच्या बाजूच्या भिंतीला गिलावा कराच.

खरी काळजी स्लॅबची. समुद्रकिनाऱ्याची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी नको, त्यातल्या मिठानं सळई गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. मिश्रण पसरायला सोपं जावं म्हणून कामगार पाणी वाढवतात, तिथे उभं राहून अडवा. एम २० दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. सळईखाली निदान २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) हवेतच. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान १० दिवस स्लॅबवर पाणी साठवून ठेवा.